दरड कुठे कोसळेल?

१. यादीत नसलेली वाडी

‘हे आधी सांगता आलं नसतं का?’ पावसाळ्यात दरड कोसळल्याची बातमी आली की घराघरांत हा प्रश्न विचारला जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकर समाजाची ही वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही. बचावपथकं भर पावसात चिखल तुडवत पायीच चढली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. त्याआधी दोन वर्षं, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यातल्या तळियेमध्ये ८० हून अधिक माणसं गेली होती. आणि ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण. तिथे १५१ जण.

सह्याद्रीत वाड्या-वस्त्या हजारो आहेत. त्यातल्या कोणत्या यादीत घ्यायच्या आणि कोणत्या नाही, हे ठरवायचं कसं? प्रत्येक डोंगरावर भूवैज्ञानिक पाठवून माती तपासणं शक्य नाही. म्हणून जिथे दरडी आधी कोसळल्या आहेत त्या जागांचा अभ्यास करायचा आणि तशा दिसणाऱ्या बाकीच्या जागा नकाशावर शोधायच्या, ही वाट जगभर धरली गेली. हे काम संख्याशास्त्र करतं. ते कसं करतं आणि कुठे थांबतं, हे या प्रकरणात पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करून ठेवली पाहिजे. ‘दरड येईल का’ या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: उतार कुठे सुटेल, केव्हा सुटेल आणि सुटलेला राडारोडा कुठवर जाईल. वर्तमानपत्रात छापून येणारा लाल-पिवळा-हिरवा नकाशा यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. उरलेली दोन उत्तरंही आपण त्याच नकाशात शोधायला जातो, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच होतो.

२. उतार सुटतो म्हणजे काय होतं?

महाराष्ट्राचा सह्याद्री बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हे डोंगर घडले. कड्याकडे लांबून पाहिलं तर आडव्या रेघा दिसतात, त्या या थरांच्या. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, चिकण मातीसारख्या खडकाचा पट्टा सापडतो. ऊन-पावसानं बेसाल्ट कुजला की त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. कड्यावर ही माती टिकत नाही. ती दगडधोंड्यांसह खाली येते आणि कड्याच्या पायथ्याशी, पदरात साचत राहते.

या साचलेल्या दगडमातीच्या थराला चिकटपणा कमीच असतो. कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे जे घर्षण तयार होतं, त्याच्या जोरावर तो उतारावर धरून असतो. पाऊस मुरत जातो तशा कणांमधल्या फटी पाण्यानं भरतात. खाली अखंड कातळ किंवा तो तांबडा पट्टा असेल तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही. साठलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागतं, घर्षण घटतं आणि वर थराचं वजन वाढलेलं असतं. एका क्षणी वजन जिंकतं. कधी लहानसा तुकडा सुटतो, तर कधी सगळी सोंड पातळ चिखल होऊन ओहोळाच्या वाटेनं खाली धावते.

आता गावांचा विचार करा. कड्याखालच्या पदरात माती खोल, झऱ्याला पाणी बारमाही, नाचणी-वरईला जागा आणि खाली भाताची खाचरं. घर बांधायला याहून चांगली जागा डोंगरात मिळत नाही. पण बरेचदा ती सपाटी आणि ती खोल माती जुन्या दरडींनीच आणून टाकलेली असते. माणसानं निवडलेली जागा आणि डोंगरानं दगडमाती टाकायला वापरलेली जागा एकच निघते, म्हणून हा प्रश्न इतका जिवावरचा आहे.

यातून दोन प्रकारची कारणं वेगळी होतात. उताराची तीव्रता, मातीची जाडी, खडकाचा प्रकार, ओहोळाची जवळीक ही पूर्वतयारीची कारणं; ती वर्षानुवर्षं जागेवर असतात. पाऊस किंवा भूकंप हे निमित्त. नकाशा पूर्वतयारीचा काढता येतो.

३. झालेल्या दरडींची नोंदवही

अशा जागा शोधणारं संख्याशास्त्राचं मॉडेल कितीही हुशार असो, त्याला शिकायला उदाहरणं लागतात. म्हणून पहिलं काम म्हणजे आजवर कोसळलेल्या दरडींची नोंदवही तयार करणं. पूर्वी हे काम जुनी कागदपत्रं, हवाई छायाचित्रं आणि पायपीट यांवर चालायचं. आता एकाच जागेची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की हिरव्या उतारावरचे तांबडे ओरखडे उठून दिसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूस्खलनांच्या ॲटलासमागे १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार भूस्खलनांची नोंद आहे.

पण नोंदवहीत खोट शिरली की पुढचं सगळं गणित खोटं बोलतं. घाटरस्त्यावर दरड पडली तर वाहतूक थांबते, जेसीबी येतो, बातमी छापली जाते. तेवढीच दरड आतल्या रानात पडली तर गुराख्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही, आणि सह्याद्रीत दोन-चार पावसाळ्यांत तिच्यावर गवत-झुडपं येऊन खूण पुसली जाते. अशा नोंदींवर शिकलेलं मॉडेल ‘रस्त्याजवळ दरडी जास्त’ असा निष्कर्ष काढतं. त्यात तथ्यही असतं, कारण रस्ता काढताना उताराचा पाय तोडला जातो. पण तथ्य किती आणि नोंदीचा पक्षपात किती, हे आकडा आपण होऊन सांगत नाही. ते पायी फिरून तपासावं लागतं.

दुसरी काळजी त्याहून बारीक आहे. दरडीचं एक डोकं असतं, जिथून माती सुटली ती जागा. आणि एक पाय असतो, जिथे ती येऊन साचली. नोंदवहीत दोन्ही मिळून एकच डाग काढला तर साचलेल्या जागेचा सौम्य उतारही ‘सुटणारा उतार’ म्हणून मोजला जातो. म्हणून डोकं वेगळं नोंदवायला हवं.

४. डोंगराचे चौकोन

नोंदवही झाली की सगळा प्रदेश चौकोनांत वाटून घेतात. उपग्रहावरून मिळालेली उंचीची माहिती बरेचदा ३० मीटर बाजूच्या चौकोनांत असते. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ११०० चौकोन. प्रत्येक चौकोनापुढे त्याची माहिती लिहायची: उतार किती अंशाचा, तोंड कोणत्या दिशेला, पृष्ठभाग फुगीर की खोलगट (खोलगट जागी पाणी गोळा होतं), खडक कोणता, माती किती जाड, ओहोळ किती लांब, रस्ता किती लांब, वर जंगल आहे की शेती. शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट: इथे दरड सुटली होती का, हो की नाही.

एक मोठा तक्ता तयार झाला. पुढचं सगळं काम या तक्त्यावर चालतं.

५. वाटा आणि हिस्सा

सर्वांत सोप्या पद्धतीला वारंवारता गुणोत्तर म्हणतात. ते समजायला एक शाळा डोळ्यांपुढे आणा. शाळेत १०० मुलं आहेत, त्यातली १० नदीपलीकडून येतात. आज २० मुलं उशिरा आली, त्यातली ८ नदीपलीकडची. शाळेत त्यांचा वाटा १० टक्के, उशीर करणाऱ्यांत ४० टक्के. ४० भागिले १० म्हणजे ४. नदीपलीकडे राहण्याचा उशिराशी संबंध आहे, हे एका आकड्यात आलं. उत्तर १ आलं असतं तर संबंध नाही असं म्हटलं असतं, आणि १ पेक्षा कमी आलं असतं तर ती मुलं उलट जास्त वेळेवर येतात असं.

मुलांच्या जागी चौकोन घ्या. समजा एका कल्पित तालुक्यात १० लाख चौकोन आहेत आणि त्यातल्या २००० चौकोनांत दरड सुटलेली आहे. १५ अंशांपेक्षा कमी उताराचे चौकोन ५ लाख, म्हणजे प्रदेशाचे ५० टक्के. त्यांत दरडीचे चौकोन १००, म्हणजे ५ टक्के. गुणोत्तर ०.१. पंधरा ते पंचवीस अंशांचे चौकोन २५ टक्के आणि दरडीही २५ टक्के; गुणोत्तर १. पंचवीस ते पस्तीस अंशांत प्रदेशाचे १५ टक्के चौकोन, पण दरडींचा हिस्सा ४५ टक्के, गुणोत्तर ३. पस्तीस ते पंचेचाळीसमध्ये ७ टक्के चौकोनांत २२ टक्के दरडी, म्हणजे ३ पेक्षा थोडं जास्त. आणि ४५ अंशांच्या वर? तीन टक्के चौकोन, तीन टक्के दरडी. गुणोत्तर पुन्हा १.

आकडे कल्पित असले तरी हा शेवटचा उतरता टप्पा खऱ्या डोंगरांतही अनेकदा दिसतो. सरळसोट कड्यावर मातीच टिकत नाही, मग घसरणार काय? तिथून सुटे दगड निखळतात, तो वेगळा प्रकार. मातीची दरड सुटते ती मधल्या उतारावर, जिथे माती साचण्याइतका तो सौम्य आहे आणि घसरण्याइतका तीव्र. ‘कडा लांब आहे, आमच्या वरचा डोंगर काही फार उभा नाही’ असं डोंगरातली माणसं म्हणतात. त्यांच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.

असंच गुणोत्तर प्रत्येक घटकाच्या प्रत्येक गटाचं काढायचं आणि चौकोनाला लागू पडणाऱ्या गुणोत्तरांची बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितका तो चौकोन दरडप्रवण. झाला नकाशा.

६. जंगलावर आलेला आळ

या सोप्या बेरजेत एक धोका आहे. बऱ्याच ठिकाणी सपाट जमिनीवर केव्हाच शेती झाली. जंगल उरलं ते तीव्र उतारांवर. अशा तालुक्यात ‘जंगल’ या गटाचं गुणोत्तर काढलं तर ते १ च्या बरंच वर येऊ शकतं. म्हणजे झाडांमुळे दरडी कोसळतात? मुळं माती धरून ठेवतात हे आपल्याला ठाऊक आहे. दोष उताराचा, आणि आळ आला झाडांवर. शाळेतही हेच होईल: नदीपलीकडची बरीचशी मुलं पाचवीतली असतील, तर ‘पाचवीतली मुलं आळशी’ असा निष्कर्ष कुणीतरी काढेल.

यावरचा उपाय म्हणजे सगळे घटक एकत्र विचारात घेणारी पद्धत. लॉजिस्टिक रिग्रेशन ही त्यातली सर्वाधिक वापरली जाणारी. तिचा गाभा असा: उतार, खडक, ओहोळाचं अंतर हे सगळं सारखं ठेवलं आणि फक्त जंगल असणं-नसणं बदललं, तर दरडीच्या शक्यतेत किती फरक पडतो? असा प्रश्न प्रत्येक घटकाबद्दल एकाच वेळी विचारून पद्धत प्रत्येकाला अधिक किंवा उणे वजन देते. वजनांची बेरीज म्हणजे चौकोनाचा गुण. मग तो गुण ० आणि १ च्या मधल्या आकड्यात बसवतात. गुण उणे २ असेल तर ०.१२, शून्य असेल तर ०.५, अधिक २ असेल तर ०.८८.

०.८८ वाचून ‘इथे दरड कोसळण्याची शक्यता ८८ टक्के’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळायला हवा. दरडीचे चौकोन मुळात फार कमी असल्यामुळे मॉडेलला शिकवताना बहुधा जितके दरडीचे तितकेच बिनदरडीचे चौकोन निवडून घेतात. त्या निवडीमुळे आकडे फुगतात. त्यातून कळते ती क्रमवारी: कोणता चौकोन कोणाच्या पुढे. दहा वर्षांत दरड कोसळण्याची शक्यता त्यात नसते.

अलीकडे शेकडो निर्णयवृक्ष तयार करून त्यांचं बहुमत घेणाऱ्या रँडम फॉरेस्टसारख्या संगणकीय पद्धतीही वापरात आहेत. त्या गुंतागुंतीचे संबंध पकडतात, पण असंच का ठरलं हे सांगायला अवघड जातात. गावकऱ्यांना घर सोडायला सांगायचं असेल तर ‘का’ याचं उत्तर हाताशी लागतं, म्हणून जुनी, समजावून सांगता येणारी पद्धत मला अजून मोलाची वाटते.

७. मॉडेल शिकलं की नुसतं घोकलं?

नोंदवहीतल्या साधारण ७० टक्के दरडी शिकण्यासाठी द्यायच्या आणि ३० टक्के लपवून ठेवायच्या, ही नेहमीची रीत. नंतर पाहायचं की लपवलेल्या दरडी मॉडेलनं लाल केलेल्या भागात पडतात का. याचं मोजमाप एका आकड्यात देतात. एक दरडीचा आणि एक बिनदरडीचा चौकोन चिठ्ठ्या टाकून उचलला, तर दरडीच्या चौकोनाला जास्त गुण मिळालेले असण्याची शक्यता किती? ०.५ म्हणजे नुसता छापा-काटा, १ म्हणजे एकदाही न चुकणं.

हा आकडा ०.९ च्या वर गेला की अभ्यास उत्तम, असं मानण्याची सवय पडली आहे. पण तो सहज वाढवता येतो. बिनदरडीचे चौकोन खाडीकाठच्या सपाट भातखाचरांतून निवडले तर कोणतंही मॉडेल हुशार ठरेल; खाचरात दरड सुटत नाही हे सांगायला गणित लागत नाही. तसंच एका मोठ्या दरडीचे शंभर चौकोन असतील आणि त्यातले सत्तर शिकायला, तीस तपासणीला गेले, तर मॉडेलनं उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते. खरी कसोटी वेगळी: एका खोऱ्यात शिकवायचं आणि शेजारच्या खोऱ्यात तपासायचं, किंवा २००५ पर्यंतच्या दरडींवर शिकवून २०२१ च्या दरडींवर. तिथे आकडा खाली येतो, पण तो विश्वासाचा असतो.

२००५ चं नाव उगाच घेतलं नाही. त्या जुलैच्या २५-२६ तारखांना महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळिये गेलं. जुन्या नोंदींना किती बोलायला लावता आलं असतं, हे तपासण्यासाठी याहून दुर्दैवी आणि याहून नेमकी जागा नाही.

८. लाल रंग कुणाच्या डोक्यावर आहे?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं २०१४ मध्ये देशव्यापी भूस्खलनप्रवणता नकाशांचं काम हाती घेतलं. देशाच्या बर्फाच्छादित नसलेल्या भूभागापैकी सुमारे १२.६ टक्के, म्हणजे ४.२ लाख चौरस किलोमीटर प्रदेश दरडप्रवण मानला जातो. त्यातले सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत आहेत. नकाशांचं प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. तीस-चाळीस घरांची वाडी त्यावर दोन-चार मिलिमीटरांत संपते. तालुक्याचं नियोजन करायला हे पुरेसं आहे. एखादं घर सुरक्षित आहे का, ते त्यावर बोट ठेवून सांगता येत नाही.

आणि समजा बोट ठेवलं, तरी आणखी एक फसगत वाट पाहत असते. वाडी पदराच्या सपाटीवर असते. सपाटीचा उतार सौम्य, म्हणून मॉडेल तिथल्या चौकोनांना कमी गुण देतं, रंग हिरवा येतो. मॉडेलचं उत्तर बरोबर आहे: या चौकोनांतून दरड सुटणार नाही. पण वरच्या लाल चौकोनातून सुटलेली दरड इथे येईल का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. माणसं बहुधा दरड सुटते तिथे मरत नाहीत, ती पोचते तिथे मरतात.

म्हणून दुसरं गणित करावं लागतं. त्याचा ढोबळ नियम पाटीवर मांडता येईल इतका सोपा आहे. दरडीच्या डोक्यापासून ती थांबली त्या टोकापर्यंत सरळ रेषा काढली तर ती आडव्याशी किती अंशांचा कोन करते? लहान, तुलनेनं कोरड्या घसरणीत तो तीसेक अंशांचा असू शकतो. दरड जितकी मोठी आणि पाणथळ, तितका कोन कमी, म्हणजे पल्ला लांब. गावाच्या वर २०० मीटर उंचीवर लाल पट्टा आहे असं धरा. कोन ३० अंश घेतला तर राडारोडा आडव्या अंतरात सुमारे ३५० मीटर येईल. २० अंश घेतला तर सुमारे ५५० मीटर. या दोन आकड्यांच्या मधल्या दोनशे मीटरांत एखादी सबंध वाडी बसते. त्यात चिखल पाण्याच्या वाटेनं जातो, त्यामुळे ओहोळाच्या तोंडाशी असलेल्या घरांपर्यंत तो सोंडेवरच्या घरांच्या आधी पोचतो.

प्रवणतेचा नकाशा जोखमीचा व्हायला आणखी एक पायरी लागते. निर्मनुष्य रानातला गडद लाल उतार कुणाचा जीव घेत नाही. मध्यम रंगाच्या उताराखाली आश्रमशाळा असेल तर तिचा क्रम आधी लागला पाहिजे. उतार सुटण्याची शक्यता, तो पोचण्याची शक्यता, आणि तिथे रात्री किती माणसं झोपतात, या तिन्हींचा गुणाकार केल्याशिवाय गावांची यादी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

९. केव्हा?

केव्हा याचं उत्तर पावसाच्या मोजमापातून शोधतात. १९८० मध्ये नेल केन या अभ्यासकानं जगभरच्या नोंदी गोळा करून, किती तास किती जोराचा पाऊस झाला की दरडी सुरू होतात याची एक किमान रेषा मांडली. तिच्या हिशेबानं २४ तासांसाठी ही मर्यादा सुमारे १०० मिलिमीटर येते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैमध्ये इतका पाऊस ही नेहमीची गोष्ट. ही रेषा तशीच वापरली तर इशारा रोजच द्यावा लागेल आणि कुणी ऐकणार नाही. इथले उतार इथल्या पावसाला सरावलेले आहेत. तेव्हा प्रत्येक पट्ट्याची स्वतःची मर्यादा काढावी लागते, आणि तीही आजच्या पावसाबरोबर मागच्या काही दिवसांचा मुरलेला पाऊस धरून. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. असा दिवस कोणत्याही मर्यादेच्या पलीकडचा.

पावसाची मर्यादा आणि प्रवणतेचा नकाशा एकत्र केला की रोजचा इशारा देता येतो. त्यासाठी जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं. अडचण पर्जन्यमापकांची आहे. दऱ्याखोऱ्यांत दोन-चार किलोमीटरवर पाऊस बदलतो आणि मापक बहुधा तालुक्याच्या गावी असतो.

१०. नकाशा जुना होतो

नकाशा काढल्यानंतर कुणी उताराचा पाय तोडून रस्ता नेला, सपाटीकरण केलं, ओहोळाची वाट बुजवली, तर तो चौकोन आता पूर्वीचा राहिला नाही. मॉडेलला हे माहीत नसतं, गावाला असतं. डोंगरावर नवी भेग पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, ओढ्याचं पाणी पाऊस चालू असताना अचानक कमी होणं, घराची दारं चौकटीत अडकू लागणं: यातलं काहीही दिसलं तर रंग हिरवा असला तरी घर सोडायचं आणि तलाठी, तहसीलदारांना कळवायचं.

आणि दरड पडून गेल्यावर, कुणाचं नुकसान झालं नसलं तरी, ती नोंदवायची. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ‘भूस्खलन’ या मोबाइल ॲपवर अशी माहिती देण्याची सोय आहे. तारीख, शक्य तर वेळ, माती सुटली ती वरची जागा, ती थांबली ते खालचं टोक, आणि त्याआधी किती दिवस पाऊस लागून राहिला होता. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, या खोऱ्यात पूर्वी कोणता डोंगर कोणत्या वर्षी खचला होता, तेही लिहून घ्यायचं. उपग्रहांच्या आधीच्या काळातल्या दरडींची माहिती मिळण्याची जागा बहुतेक ठिकाणी तेवढीच उरली आहे.